मेंदूतील पेशीरोपण आणि सातपुड्यातील सिकलसेल : पुराव्याच्या इतिहासातील एक प्रकरण

१

नर्मदेच्या दक्षिण तीरावर, महाराष्ट्राच्या वायव्य टोकास, मणिबेली हे अक्कलकुवा तालुक्यातील गाव आहे. सरदार सरोवराच्या बुडितात महाराष्ट्रातील जी गावे आली त्यांत मणिबेली हे पहिले होय. ह्या गावाचे नाव धारण करणारे एक आंतरराष्ट्रीय घोषणापत्र १९९४ साली प्रसिद्ध झाले. ४४ देशांतील ३२६ संस्था व गट ह्यांचा त्यास पाठिंबा होता. जागतिक बँकेने मोठ्या धरणांस द्यावयाचे अर्थसाहाय्य तूर्त स्थगित करावे आणि आजवर ज्या धरणांस पैसा दिला त्यांच्या फलिताची स्वतंत्र पाहणी करवावी, ह्या मागण्या त्यात होत्या. ज्याने लाभाचे आश्वासन दिले त्यानेच लाभाचे माप घेऊ नये, हा त्या दुसऱ्या मागणीच्या मुळाशी असलेला विचार होय.

हाच विचार त्याच सुमारास एका सर्वस्वी निराळ्या क्षेत्रात रुजत होता. मेंदूच्या रोगांवर उपाय म्हणून मेंदूत जिवंत पेशींचे रोपण करणाऱ्या शस्त्रवैद्यांपुढेही, आपल्या शस्त्रक्रियेचा गुण खरोखर पेशींचा की रुग्णाच्या आशेचा, हा प्रश्न त्या दशकात उभा राहिला. ह्या दोन घटनांत कार्यकारणसंबंध नाही. तथापि मेंदूतील पेशीरोपणाचा इतिहास सातपुड्याच्या ह्या डोंगराळ प्रदेशास परका नाही. येथील भिल्ल, पावरा इत्यादी जमातींत सिकलसेल ह्या आनुवंशिक रक्तविकाराचे प्रमाण मोठे आहे, आणि हा विकार रक्ताचा असला तरी त्याचे अत्यंत क्रूर आघात कित्येकदा मेंदूवर होतात. मेंदूस वाचविण्यासाठी मूलपेशींचा उपयोग करावयाचा तर तो कोणत्या मार्गाने, ह्या प्रश्नाचे इतिहासाने दिलेले उत्तर तपासणे हा प्रस्तुत निबंधाचा विषय आहे.

२

मेंदूत परक्या ऊतकाचे रोपण करण्याचा पहिला नोंदलेला प्रयोग १८९० सालचा आहे. न्यूयॉर्कच्या गिलमन थॉम्प्सन ह्यांनी मांजराच्या मेंदूचा तुकडा कुत्र्याच्या मेंदूत बसविला आणि सात आठवड्यांनंतर तो तेथे चिकटून असल्याचे पाहिले. चिकटून असणे म्हणजे जिवंत राहून कार्य करणे नव्हे, हा भेद त्या वेळी पुरेसा स्पष्ट झालेला नव्हता. १९१७ साली शिकागोच्या एलिझाबेथ डन ह्यांनी नवजात उंदरांचे मेंदूऊतक इतर उंदरांत रोवले. थोड्या उंदरांतच ते टिकले, परंतु टिकले ही गोष्ट महत्त्वाची होती. त्यानंतर सुमारे अर्धशतक हा विषय मागे पडला. एकदा नष्ट झालेली चेतापेशी पुन्हा निर्माण होत नाही, ही धारणा त्या काळी दृढ होती.

विषयास पुन्हा चालना मिळाली ती कंपवातामुळे. जेम्स पार्किन्सन ह्यांनी १८१७ साली ह्या रोगाचे वर्णन केले होते, पण त्याचे रासायनिक कारण १९६० मध्ये कळले. त्या वर्षी व्हिएन्ना येथील एरिंगर व होर्निकीविच ह्यांनी अशा रुग्णांच्या मेंदूतील विशिष्ट भागात डोपामीन हे द्रव्य अत्यल्प असते असे दाखविले. मेंदूच्या इतर रोगांत नानाविध पेशी नाना ठिकाणी बिघडतात. कंपवातात मात्र मुख्यतः एकाच प्रकारच्या पेशी एकाच ठिकाणी नाश पावतात. तेव्हा तेवढ्याच पेशी नव्याने रोवल्या तर रोग हटेल, हे अनुमान स्वाभाविक होते. १९७९ साली अमेरिकेतील व स्वीडनमधील संशोधकांनी स्वतंत्रपणे हे अनुमान उंदरांत खरे करून दाखविले. गर्भावस्थेतील डोपामीन-पेशी रोवल्यानंतर त्या उंदरांच्या हालचालींतील दोष कमी झाला.

मनुष्यावरील पहिला प्रयोग १९८२ साली स्टॉकहोम येथे झाला. रुग्णाच्याच अधिवृक्क ग्रंथीच्या गाभ्यातील पेशी त्याच्या मेंदूत रोवण्यात आल्या. गुण फारसा आला नाही. परंतु १९८७ साली मेक्सिकोच्या इग्नासिओ माद्रासो ह्यांनी ह्याच पद्धतीने दोन रुग्णांत विलक्षण सुधारणा झाल्याचे वृत्त प्रसिद्ध केले, आणि अल्पावधीत अनेक देशांत शेकडो रुग्णांवर ही शस्त्रक्रिया झाली. पुढे अनुभव उलट आला. पुष्कळांची सुधारणा ओसरली, कित्येकांस गंभीर उपद्रव झाले, काही दगावले. मृत्यूनंतर केलेल्या तपासणीत रोवलेल्या पेशी बहुधा नाहीशा झालेल्या आढळल्या. दशक संपण्याच्या सुमारास ही पद्धती सोडून देण्यात आली. दोन रुग्णांच्या वृत्तांतावर शेकडो शस्त्रक्रिया उभ्या राहिल्या, ही ह्या प्रकरणातील मुख्य चूक होय.

३

१९८७ सालच्याच उत्तरार्धात स्वीडनमधील लुंड येथे ओले लिंडवाल व अँडर्स ब्यॉर्क्लुंड ह्यांच्या गटाने मानवी गर्भाच्या मेंदूतील ऊतक कंपवाताच्या रुग्णांत रोवण्यास आरंभ केला. ह्या गटाची कार्यपद्धती संयमाची होती. शस्त्रक्रियेपूर्वी आणि नंतर दीर्घकाळ रुग्णांची ठरावीक रीतीने मोजमापे घेतली जात. १९९० साली त्यांनी एका रुग्णात रोवलेल्या पेशी जिवंत असून डोपामीन निर्माण करीत असल्याचा पुरावा किरणोत्सर्गी द्रव्याच्या साहाय्याने काढलेल्या मेंदूच्या चित्रांवरून दिला. काही रुग्णांस कित्येक वर्षे उत्तम गुण आला, हेही निर्विवाद आहे.

तरीही एक प्रश्न शिल्लक होता. कंपवाताच्या रुग्णाची स्थिती दिवसागणिक, किंबहुना तासागणिक बदलते, आणि नव्या उपचाराच्या नुसत्या अपेक्षेनेही मेंदूतील डोपामीन काही काळ वाढू शकते. अशा रोगात शस्त्रक्रियेचा गुण ठरविणार कसा? औषधाच्या बाबतीत अर्ध्या रुग्णांस निर्गुण गोळी देऊन तुलना करता येते. शस्त्रक्रियेच्या बाबतीत तशी तुलना करावयाची तर काही रुग्णांवर आभासी शस्त्रक्रिया करणे भाग होते. ज्याच्या कवटीस भोके पाडावयाची त्यास त्यापासून काहीही लाभ नाही, हे ठाऊक असूनही ती पाडणे नीतीस धरून आहे काय, असा तीव्र वाद अमेरिकेत झाला. अखेर रुग्णांची पूर्वसंमती घेऊन हा प्रयोग करण्यात आला.

कर्ट फ्रीड व त्यांचे सहकारी ह्यांनी २००१ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. ४० रुग्णांपैकी २० जणांच्या मेंदूत गर्भऊतक रोवले होते. उरलेल्या २० जणांच्या कवटीस भोके पाडली, पण मेंदूत सुई घातली नव्हती. आपण कोणत्या गटात आहोत हे रुग्णांस ठाऊक नव्हते. वर्षानंतर रुग्णांनी स्वतः नोंदविलेल्या सुधारणेत दोन्ही गटांत लक्षणीय फरक आढळला नाही. वयाने लहान रुग्णांच्या हालचालींत काही सुधारणा दिसली, परंतु रोपण झालेल्यांपैकी सुमारे १५ टक्के रुग्णांत पुढे अनावर हालचालींचा नवाच उपद्रव उद्भवला. ह्याच प्रयोगातील रुग्णांच्या जीवनमानाचा निराळा अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. त्यात असे दिसले की, आपल्यात पेशी रोवल्या आहेत असे ज्यांस वाटत होते त्यांचे जीवनमान सुधारले होते, मग पेशी खरोखर रोवलेल्या असोत वा नसोत. २००३ साली ऑलॅनो व सहकाऱ्यांनी ३४ रुग्णांवर केलेल्या दुसऱ्या तुलनात्मक प्रयोगातही लाभ सिद्ध झाला नाही, आणि रोपण झालेल्यांपैकी निम्म्याहून अधिक रुग्णांत तशाच अनावर हालचाली आढळल्या.

ह्या निष्कर्षांचा अर्थ पेशीरोपणाची कल्पनाच खोटी ठरली असा नाही. पेशी जगल्या होत्या, डोपामीनही निर्माण होत होते. परंतु पेशी जगणे ही एक गोष्ट, रुग्ण बरा होणे ही दुसरी, आणि रुग्णास बरे वाटणे ही तिसरी. शतकभराच्या इतिहासात ह्या तीन गोष्टी वारंवार एकच मानल्या गेल्या होत्या. त्या निरनिराळ्या आहेत हे सिद्ध झाले ते आभासी शस्त्रक्रिया सोसण्यास तयार झालेल्या रुग्णांमुळे.

४

गर्भऊतक मिळविणे नेहमीच दुर्घट होते, आणि प्रत्येक वेळी त्याची गुणवत्ता निराळी असे. १९९८ साली विस्कॉन्सिन येथील जेम्स थॉमसन ह्यांनी मानवी भ्रूणापासून मूलपेशी वाढविल्या. क्योटोचे शिन्या यामानाका ह्यांनी २००६ साली उंदराच्या व २००७ साली मनुष्याच्या सामान्य पेशींस पुन्हा मूलपेशींचे रूप दिले. एकाच साच्यातून हव्या तितक्या डोपामीन-पेशी तयार करणे आता शक्य झाले. क्योटो येथे २०१८ साली पहिले रोपण झाले. तेथील सात रुग्णांचा वृत्तांत व अमेरिकेत सुरू झालेल्या एका प्रयोगातील बारा रुग्णांचा वृत्तांत हे दोन्ही २०२५ साली प्रसिद्ध झाले. रोवलेल्या पेशींपासून अर्बुद झाले नाही व काही रुग्णांच्या हालचाली सुधारल्या, असे त्यांतून दिसते. परंतु ह्या दोन्ही प्रयोगांत तुलनेचा गट नव्हता, आणि २००१ सालानंतर ह्या उणिवेचे महत्त्व कोणत्याही संशोधकास निराळे सांगावे लागत नाही.

पक्षाघाताच्या बाबतीत हाच अनुभव अधिक ठळकपणे आला. अस्थिमज्जेपासून तयार केलेल्या पेशी जुन्या पक्षाघाताच्या १८ रुग्णांच्या मेंदूत रोवल्यानंतर त्यांच्यात सुधारणा झाल्याचे वृत्त २०१६ साली आले. पुढे १६३ रुग्णांवर आभासी शस्त्रक्रियेशी तुलना करून प्रयोग झाला. त्यात मुख्य कसोटीवर फरक सिद्ध झाला नसल्याचे २०१९ साली जाहीर करण्यात आले. डोक्याच्या इजेनंतर येणाऱ्या दुर्बलतेत मात्र ह्याच पेशींची तुलनात्मक चाचणी अनुकूल ठरली, आणि जपानने २०२४ साली त्या उपयोगास सशर्त मान्यता दिली. एकाच पेशीने एका व्याधीत यश द्यावे व दुसरीत देऊ नये, ह्यावरून सरसकट आशा आणि सरसकट निराशा ह्या दोन्ही अशास्त्रीय ठरतात.

धोक्याचेही एक उदाहरण नोंदविणे अवश्य आहे. एका आनुवंशिक मेंदूविकाराने ग्रस्त अशा मुलास २००१ सालापासून मॉस्को येथे गर्भापासून मिळविलेल्या मूलपेशी अनेकदा टोचण्यात आल्या. चार वर्षांनी त्याच्या मेंदूत व मज्जारज्जूत अर्बुदे आढळली. ती त्याच्या स्वतःच्या पेशींची नसून दात्यांच्या पेशींची होती, असे २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखविले.

भारतातही शहरांतील काही खाजगी दवाखान्यांनी स्वमग्नता, मस्तिष्कघात, पक्षाघात अशा व्याधींवर मूलपेशींचे उपचार पैसे घेऊन देण्यास आरंभ केला. हे बहुधा मेंदूतील रोपण नसे. रुग्णाच्याच अस्थिमज्जेतील पेशी पाठीच्या कण्यातून मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात सोडल्या जात. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद व जैवतंत्रज्ञान विभाग ह्यांनी २००७ साली ह्या विषयावर मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांच्या शीर्षकात संशोधन व उपचार हे दोन्ही शब्द होते. २०१३ सालच्या सुधारित आवृत्तीच्या शीर्षकातून उपचार हा शब्द वगळण्यात आला. रक्ताच्या काही विकारांवर रक्तजनक मूलपेशींचे प्रतिरोपण करणे हाच तेवढा मान्य उपचार होय, बाकी सर्व संशोधन समजावे, असा त्याचा आशय होता, आणि २०१७ सालच्या आवृत्तीतही तो कायम राहिला. डिसेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगाने स्वमग्नतेवर मूलपेशींचा उपचार करण्याची शिफारस करता येत नाही असे स्पष्ट केले.

५

मान्य ठरलेल्या त्या एका उपचाराचा मार्ग मेंदूतून न जाता रक्तातून जातो. तोही काही सुलभतेने सापडलेला नाही. डोनॉल थॉमस ह्यांनी १९५७ साली अस्थिमज्जा टोचलेल्या पहिल्या सहा रुग्णांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्यांपैकी कोणीही शंभर दिवसांपुढे जगला नाही. दाता व रुग्ण ह्यांच्या ऊतकांचा मेळ कसा पाहावा हे कळण्यास त्यानंतर एक दशक लागले. भारतात पहिले अस्थिमज्जा-प्रतिरोपण १९८३ साली मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी ह्यांनी एका रक्तकर्करोगी मुलीवर केले. तिच्या भावाची मज्जा त्यासाठी घेण्यात आली होती.

दुसऱ्याच वर्षी, १९८४ साली, अमेरिकेतील मेम्फिस येथून एक अनपेक्षित वृत्त आले. एका आठ वर्षांच्या मुलीस रक्तकर्करोग व सिकलसेल हे दोन्ही विकार होते. कर्करोगासाठी केलेल्या प्रतिरोपणाने तिचा सिकलसेलही नाहीसा झाला. पुढे हा उपचार हेतुपूर्वक करण्यात येऊ लागला. समान ऊतकाच्या भावंडांकडून मज्जा वा नाळेतील रक्त मिळालेल्या १,००० रुग्णांचा आढावा २०१७ साली प्रसिद्ध झाला. पाच वर्षांनंतर त्यांपैकी सुमारे ९३ टक्के हयात होते, आणि प्रतिरोपण यशस्वी होऊन हयात असलेल्यांचे प्रमाण ९१ टक्के होते. शंभरांत सात मृत्यू ही संख्या लहान नव्हे, म्हणून कोणत्या मुलावर हा उपचार करावा हा निर्णय सोपा नाही.

सिकलसेलचा मेंदूशी संबंध येथे स्पष्ट केला पाहिजे. हिमोग्लोबिनाच्या एका साखळीत सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलीन येते, एवढाच ह्या विकाराचा मूळ दोष होय. केंब्रिज येथील इनग्रॅम ह्यांनी १९५६–५७ साली तो दाखविला. प्राणवायू कमी झाला की अशा तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या व ताठर होतात. कवटीच्या तळाशी असलेल्या मोठ्या रोहिण्या कालांतराने आतून अरुंद होतात, आणि मुलास अकस्मात पक्षाघात होतो. उपचार नसता अमेरिकेतील अशा रुग्णांपैकी सुमारे ११ टक्क्यांस विसाव्या वर्षापूर्वी पक्षाघात झाल्याचे १९९८ सालच्या अभ्यासात आढळले. त्याखेरीज कित्येक मुलांच्या मेंदूत बाह्य लक्षणांवाचून लहान लहान भाग निकामी होतात व ती अभ्यासात मागे पडतात.

अरुंद नळीतून पाणी वेगाने वाहते. त्याच न्यायाने ह्या रोहिण्यांतील रक्ताचा वेग श्राव्यातीत ध्वनिलहरींनी, म्हणजे डॉप्लर यंत्राने, कवटीबाहेरून मोजता येतो. हा वेग सेकंदास २०० सेंटिमीटर वा अधिक असलेल्या १३० मुलांवर रॉबर्ट ॲडम्स ह्यांनी तुलनात्मक प्रयोग केला. नियमित रक्त दिलेल्या ६३ मुलांपैकी एकास, तर न दिलेल्या ६७ मुलांपैकी ११ जणांस मेंदूचा आघात झाला. फरक इतका स्पष्ट होता की प्रयोग मुदतीपूर्वी थांबविण्यात आला आणि १९९८ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. रक्त देणे बंद केल्यास धोका परत येतो, हेही २००५ साली सिद्ध झाले. २०१९ साली फ्रान्समधील ६७ मुलांच्या अभ्यासात, नियमित रक्त देण्यापेक्षा प्रतिरोपणानंतर हा वेग अधिक कमी होतो असे दिसले. मूलपेशींनी मेंदूचे रक्षण केले ते असे : मेंदूस स्पर्श न करता, आणि आघात होण्यापूर्वी.

६

आता सातपुड्याकडे वळता येईल. भारतात सिकलसेल प्रथम १९५२ साली निलगिरीच्या आदिवासींत आढळला. १९५८ साली नागपूरचे शुक्ल व सोळंकी ह्यांनी मध्य भारतातील त्याचे अस्तित्व लॅन्सेट ह्या नियतकालिकात नोंदविले. पुण्याचे डॉ. एस. एल. काटे व त्यांचे सहकारी ह्यांनी महाराष्ट्रातील जमातींच्या दीर्घकाळ पाहण्या केल्या. भिल्ल, पावरा, माडिया, परधान ह्यांसारख्या काही जमातींत हा दोष वाहणाऱ्यांचे प्रमाण २० ते ३५ टक्के असल्याचे, आणि ज्या जिल्ह्यांत ५,००० हून अधिक रुग्ण असावेत असा अंदाज आहे त्यांत नंदुरबार असल्याचे ह्या पाहण्यांच्या आधारे सांगितले जाते. जंगलातील हिवतापापासून दोषवाहकास संरक्षण मिळते, हे ॲलिसन ह्यांनी आफ्रिकेत १९५४ साली दाखविले होते. सातपुड्यातील ह्या प्रमाणाचा उलगडाही त्यानेच होतो.

पश्चिम भारतातील आदिवासींच्या रक्तात गर्भावस्थेतील हिमोग्लोबिनाचा अंश पुष्कळांत अधिक राहतो व त्यामुळे त्यांचा विकार आफ्रिकी वंशाच्या रुग्णांपेक्षा सरासरीने सौम्य असतो. परंतु सरासरीचे सांत्वन प्रत्येक मुलाच्या वाट्यास येत नाही. ज्या मुलाचा विकार तीव्र आहे त्याच्यासाठी समान ऊतकाचा व स्वतः निरोगी असा सख्खा भाऊ वा बहीण हवी. ऊतक जुळण्याची शक्यता चारांत एक, भावंड रोगमुक्त असण्याची चारांत तीन. दोन्ही गुण भिन्न गुणसूत्रांवर असल्याने एका भावंडाबाबत दोन्ही जुळण्याची शक्यता सोळांत तीन एवढीच उरते. त्यानंतर मोठ्या शहरातील कित्येक महिन्यांचा मुक्काम, खर्च आणि बुडालेली मजुरी हे प्रश्न आहेत.

यास्तव ह्या प्रदेशात उपायांचा क्रम महत्त्वाचा ठरतो. जन्मताच रक्ततपासणी, बालपणी जंतुसंसर्गापासून संरक्षण, हायड्रॉक्सियुरियाच्या गोळ्या, वर्षातून एकदा डॉप्लर, आणि त्यातून निवडलेल्या मुलांसाठी प्रतिरोपण, हा तो क्रम होय. नायजेरियात नियमित रक्तपुरवठा दुष्कर असल्याने डॉप्लरचा वेग वाढलेल्या मुलांस हायड्रॉक्सियुरिया देऊन तुलना करण्यात आली. लहान मात्रा मध्यम मात्रेइतकीच पक्षाघात टाळते असे २०२२ साली दिसले. जेथे रक्तपेढी दूर आहे त्या डोंगराळ भागास हा निष्कर्ष मोलाचा आहे. केंद्र शासनाने १ जुलै २०२३ रोजी सुरू केलेल्या राष्ट्रीय अभियानाने सात कोटी लोकांच्या तपासणीचे व २०४७ पर्यंत ह्या रोगाच्या निर्मूलनाचे उद्दिष्ट ठेवले आहे. परंतु तपासणीने मिळते ते केवळ निदान. नर्मदेच्या फुगवट्याकाठच्या ज्या पाड्यांस जलमार्गाने जाणाऱ्या तरंगत्या दवाखान्याचा आधार घ्यावा लागला, तेथे निदानामागून गोळी दरमहा पोहोचते की नाही, ह्यावर अभियानाचे यश अवलंबून राहील.

७

ह्या इतिहासातून निघणारा निष्कर्ष मर्यादित आहे, पण निश्चित आहे. मेंदूत मूलपेशी रोवण्याचा मार्ग बंद झालेला नाही. कंपवातात तो कदाचित लवकरच सिद्धही होईल. परंतु त्या मार्गावर आजवर जी काही खरी प्रगती झाली ती, गुण आल्याचा दावा स्वतंत्र तुलनेस उभा केल्यानंतरच झाली. उलट रक्ताच्या मार्गाने मेंदूचे रक्षण करण्याचा उपाय अशा तुलनेतून पार पडलेला आहे, आणि त्याच्या पहिल्या पायऱ्यांस शस्त्रक्रियागृहही लागत नाही.

पक्षाघाताने एक बाजू लुळी पडलेल्या मुलाच्या मातापित्यांस ह्यांतील भेद कोणी समजावून सांगितला नाही, तर मूलपेशी ह्या एकाच शब्दाखाली दोन्ही उपाय त्यांस सारखेच भासतील, आणि असलेले शेत गहाण टाकून ते न सिद्ध झालेल्याकडे वळतील. मणिबेलीच्या नावाने निघालेल्या घोषणापत्राने स्वतंत्र मोजमापाची मागणी केली ती धरणांपुरती होती. ज्या प्रदेशाने मोठ्या आश्वासनांची किंमत एकदा मोजली आहे, त्या प्रदेशातील रुग्णांच्या बाबतीत तीच कसोटी वैद्यकानेही पाळावी, आणि सिद्ध झालेले औषध आधी त्यांच्या दारी न्यावे, हे ह्या इतिहासाचे मागणे आहे.